शेवटच्या गाठीवरचं भूत

१

बालवाडीतली सकाळ रडण्याने सुरू होते, आणि लोकांना वाटतं की रडतात ती मुलं. ताईला विचारा. दारात पोराचा हात सोडताना आयांचे चेहरे कसे होतात, हे तिने इतकी वर्षं पाहिलं होतं की आज कोणती आई फाटकाबाहेर थांबून डोळे पुसणार, हे ती लांबूनच सांगायची. पोरांचं काय, ती घटकाभरात ठोकळ्यांवरून एकमेकांच्या झिंज्या उपटायला लागतात.

एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर बालवाडी होती. बसायची खोली, दुपारी झोपायची खोली, मग एक लांबट बोळ आणि बोळाच्या टोकाला लाकडी चौथरा असलेला हॉल. हात धुवायची बेसिनं गुडघ्याएवढ्या उंचीवर. दप्तरं अडकवायच्या खुंट्यांवर नावांऐवजी चित्रं, कुणाला छत्री, कुणाला मासा, कुणाला टरबूज. टरबूजवाल्या पोराने आठवडाभर रडून शेवटी घोडा मिळवला होता.

ताईला सगळेच ताई म्हणत. मुलं, मुलांच्या आया, दूधवाला आणि झाडलोट करणाऱ्या काकूसुद्धा, ज्या वयाने तिच्या आईच्या बरोबरीच्या होत्या. मूल व्हावं म्हणून ताईने आणि तिच्या नवऱ्याने दवाखान्यांचे उंबरठे झिजवले होते. मग कधीतरी दोघांनी, फारसं न बोलताच, ते सगळं थांबवलं. "आपण दोघं मजेत आहोत ना? बास झालं," असं नवरा म्हणाला होता, आणि त्यानंतर तो बराच वेळ बाथरूममध्ये नळ दुरुस्त करत बसला होता. नळ गळत नव्हता.

पण रिकामी जागा रिकामी कुठे राहते! धाकट्या बहिणीला मुलगी झाली आणि ती पोर ताईच्या मांडीवर येऊन जी बसली ती उठलीच नाही. एका जागी क्षणभर टिकायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. भिंगरी याच बालवाडीत होती. शाळेत ताई म्हणायचं, घरी मावशी म्हणायचं, हे तिला शंभरदा बजावलं होतं आणि शंभरदा ती वर्गाच्या मधोमध "मावशी, शू!" म्हणून ओरडली होती.

आणि आता भिंगरी जाणार होती. मेहुण्याची बदली झाली होती, जवळपास नाही, चांगली लांब. मनात आलं आणि उठून गेलं, अशी ती जागा नव्हती. धाकटीच्या घरी खोकी भरायला सुरुवात झाली होती. ट्रक नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

नाटक म्हणजे भुतांचं नाटक. दिवस लहान व्हायला लागले, अंधार लवकर पडायला लागला की ताई ते बसवायची. पोरांची अंधाराची भीती जावी म्हणून सगळ्यांनाच भूत करून टाकायचं, हा तिचा साधा हिशेब. पातळ पांढऱ्या मलमलीचे झगे ती स्वतः शिवायची, पिशवीसारखे, डोक्यावरून थेट जमिनीपर्यंत. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं काही दिसत नाही. गाणं व्हायचं, भुतं गरगर फिरायची, आणि मग आईबापांनी चौथऱ्यावर येऊन आपापलं भूत ओळखायचं. हात धरायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "हे भूत माझं!" भुताने बोलायचं नाही, हलायचं नाही. लोक हसून हसून बेजार व्हायचे.

गेल्या वर्षी ओळख पटल्यावर सगळ्यांनी तिथेच झगे उतरवले आणि नुसता बाजार झाला. कुणाचा बूट कुणाच्या पायात, कुणी रडतंय, कुणाचं डोकं झग्यात अडकलंय. म्हणून या वर्षी ताईने नियम केला, झगे अंगावर ठेवूनच घरी जायचं आणि घरी गेल्यावर काढायचे. आयांना कल्पना फार आवडली. त्या नियमाची आठवण आजही ताईला नको वाटते.

२

झोपायच्या खोलीतून हॉलमध्ये पोरांना न्यायचं तर दोरी लागायची. जाड सुती दोरी, हातभर अंतरावर एकेक गाठ, एका पोराला एक गाठ. पुढचं टोक काकूंच्या हातात. सगळ्यात मागची गाठ ताईची, कारण पोरं हरवतात ती मागच्या मागे हरवतात.

पहिल्या तालमीला झगे चढवले. भुतांनी एकमेकांना बघून किंचाळून घेतलं. काकू पुढे निघाल्या, दोरी ताणली गेली आणि रांग बोळातून चालू लागली. ताईने नेहमीप्रमाणे न बघताच आपली गाठ धरायला हात पुढे केला, तर तिच्या हाताखाली आधीच एक हात होता.

छोटा, मलमलीतला, मऊ. गाठीवर घट्ट बसलेला.

"अरे लबाडा, ही माझी गाठ," ताई म्हणाली. "तुझी कुठली?"

भुताने गाठ आणखी घट्ट धरली. बोलायचं नाही, हे तिनेच शिकवलेलं. रांग हॉलमध्ये पोचली. ताईने दोरीवरून नजर फिरवली. प्रत्येक गाठीवर एक भूत होतं. तिच्या गाठीवरसुद्धा. म्हणजे एक जास्त होतं.

तिने डोक्यांवर टपल्या मारत मोजलं. एक जास्त. उलटं मोजलं. तरी एक जास्त. "चला, काढा झगे!" ती म्हणाली, आणि आवाज मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला. झगे निघाले. घामेजलेले, केस विस्कटलेले चेहरे बाहेर आले. तिने परत मोजलं, आता आकडा बरोबर होता. झगे गोळा केले, तेही बरोबर. जमिनीवर कुठे जास्तीचा झगा नव्हता, कुठला दरवाजा उघडा नव्हता. तिच्या तळहाताला मात्र त्या बोटांची ऊब अजून होती.

"काकू, तुम्हाला एक पोर जास्त वाटलं का हो मघाशी?"

काकू बेसिनवरची वाळू पुसत होत्या. "भुतं मोजून कधी पुरी होतात का, ताई?" त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी डोळे तपासून घ्या. परवा माझ्या चहात मीठ घातलंत."

ते खरं होतं. ताईने चष्म्याचा नंबर काढून घ्यायचं ठरवलं. सगळी एकसारखी पांढरी पोरं, सारखी हलणारी, कुणाचीही गफलत होईल. तिने स्वतःला असं नीट पटवलं आणि घरी जाताना वाटेत दोनदा थांबून आपला तळहात पाहिला.

३

दुसऱ्या दिवशी ते होतं. तिसऱ्या दिवशीही. झगे चढले की शेवटच्या गाठीवर यायचं, झगे उतरले की नसायचं.

खरं म्हणजे ताईने कुणाला तरी सांगायला हवं होतं, नाटकच रद्द करायला हवं होतं. पण भीतीचं एक असतं, ती सवयीची झाली की तिच्यात दुसरं काहीतरी मिसळायला लागतं. चौथ्या दिवशी सकाळी ताईने कधी नव्हे ती कपाटातली निळी साडी काढली आणि आरशात बघून स्वतःलाच विचारलं, "कुणासाठी ग बाई हे?" उत्तर तिला माहीत होतं. त्या दिवशी तिने पोरांना झगे जरा लवकरच चढवले.

तिला आता त्याच्या लकबी कळायला लागल्या होत्या. बाकीची पोरं दोरीला हिसके द्यायची, ते द्यायचं नाही. बोळातल्या अर्ध्या वाटेवर, जिथे खिडकी नाही तिथे, ते गाठ सोडून तिचं बोट धरायचं. आणि बोळ संपायच्या आत पुन्हा गाठ धरायचं, जणू काही केलंच नाही. ती मुलगी आहे असं ताईला वाटायचं. का, ते तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी ती धाकटीकडे सामान बांधायला गेली. घर खोक्यांनी भरलं होतं आणि भिंगरी एका खोक्यात बसून दुसऱ्या खोक्याशी भांडत होती.

"ताई, तू अशी गप्प नको ना बसूस," धाकटी चिकटपट्टी दाताने तोडत म्हणाली. "मला कसंतरी होतं."

"मी कुठे गप्प आहे?"

"नाहीस? मघापासून तीच बशी पुसतेयस. नक्षी जाईल तिची." धाकटीने बशी काढून घेतली आणि तिच्याजवळ फतकल मारून बसली. "अगं, सुट्टीत येऊ ना आम्ही. आणि फोन आहे, रोज बोलेल ती तुझ्याशी."

"रोज बोलेल," ताई म्हणाली. "मग एक दिवसाआड. मग वाढदिवसाला. मी काय तिला दोष देणार आहे का? लहान पोरं विसरतात ग. विसरलीच पाहिजेत, नाहीतर मोठी कशी होणार?"

धाकटीचे डोळे भरले. ती लहानपणापासून रडूबाई. "तुझ्यावाचून मला एकटीला जमणार आहे का हिला वाढवायला?" ती म्हणाली. "माझ्यापेक्षा तुझीच जास्त आहे ती."

हे प्रेमाने म्हटलेलं होतं, ताईला कळत होतं. पण असं म्हणणाऱ्यांना पोर द्यावी लागत नाही.

नाटकाच्या आदल्या दिवशी, शेवटच्या तालमीला, रांग हॉलमध्ये शिरली आणि काकूंनी गाणं सुरू केलं. शेवटचं भूत बोळातच थांबलं. ताईही थांबली. आतून पोरांचं बेसूर गाणं येत होतं:

*आम्ही भुतं इवली इवली,*
*अंधाराने दुलई शिवली!*

ताई गुडघ्यांवर बसली. तिला झग्यातून काही दिसत नव्हतं, नुसतं श्वासाने आतबाहेर होणारं कापड. झगा वर करायला काही क्षण पुरले असते. पण झगे निघाले की काय होतं, हे आता तिला पाठ होतं.

"कोणाची ग तू?" तिने विचारलं.

ते डोकं हळूच पुढे आलं आणि ताईच्या खांद्यावर टेकलं. दमलेलं पोर टेकवतं तसं, सगळा भार टाकून. ताईचे हात आपोआप वर गेले. पाठीची छोटी हाडं कापडातून हाताला लागत होती. तिने डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं शेकडो पोरं तिने अशी उचलली होती आणि दुपारी मोजून परत केली होती.

"उद्या सगळ्यांना न्यायला कुणी ना कुणी येईल," ती कानात बोलावं तशी बोलली. "तुला मी नेईन. नियमच आहे, झगा घातलेलाच घरी न्यायचा. कुणी काढायला सांगणार नाही. शेवटपर्यंत थांबशील ना?"

खांद्यावरचं डोकं हललं. हो.

४

नाटकाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. लोखंडी खुर्च्यांची कुरकुर, मागे उभे राहिलेले बाप, पुढे फोन उंच करून बसलेल्या आया. धाकटीची खुर्ची रिकामी होती.

झगा चढवताना ताईने भिंगरीला जवळ घेतलं. "हे बघ, आज तरी हलायचं नाही. आई आली तरी हलायचं नाही, हूं की चूं करायचं नाही. तिने ओळखलं पाहिजे. माझ्यासाठी एवढं करशील?"

"मी हलतच नाही कधी," भिंगरी एका पायावर उड्या मारत म्हणाली.

दिवे मंद झाले. भुतं चौथऱ्यावर आली. ताईने शेवटच्या गाठीवरच्या भुताला भिंतीकडच्या टोकाला उभं केलं आणि त्याचा हात दाबला. गाणं झालं. मग भुतं गरगर फिरली, जागा बदलल्या, कोण कुठे ते कुणालाच कळेना. ताईलाही नाही. पण तिला चिंता नव्हती. सगळे घेऊन गेल्यावर जे उरेल, ते तिचं.

"हे भूत माझं!" पहिली आई ओरडली, आणि टाळ्या पडल्या. एका बापाने चुकीच्या भुताचा हात धरला, तर त्याच्या खऱ्या भुताने मागून त्याच्या पोटरीला लाथ घातली. हशा उसळला. एकेक जोडी निघू लागली. पांढरी छोटी आकृती आणि शेजारी मोठं माणूस, बोळातून बाहेर, फाटकातून बाहेर.

चौथऱ्यावर दोनच भुतं उरली तेव्हा धाकटी धावत आत आली. केसांत धूळ, हाताला चिकटपट्टी चिकटलेली. "आले, आले! ट्रकवाल्याचा फोन होता..." ती चौथऱ्याशी पोचली आणि उजवीकडच्या भुताने दोन्ही हात तिच्याकडे उंच केले.

ताईला हसू आलं. भिंगरीच! तिला नियम सांगावा आणि तिने तो पाळावा, हे कधी झालंय का?

"हे भूत माझं!" धाकटी म्हणाली आणि तिने त्या भुताला उचलून कडेवर घेतलं. भुताने तिच्या गळ्याला मिठी मारली आणि मान तिच्या खांद्यावर टाकली. "ताई, मी पळते हं, घर सगळं उघडं टाकून आलेय. रात्री जेवायला ये." ती गेलीसुद्धा.

हॉल रिकामा झाला. काकू मागच्या खुर्च्या आवरत होत्या. ताई चौथऱ्यावर चढली. उरलेलं भूत भिंतीकडच्या टोकाला सरळ उभं होतं, काठीसारखं, जरासुद्धा न हलता.

ताईने त्याचा हात धरला. जे शब्द तिने इतकी वर्षं इतरांच्या तोंडून ऐकले होते ते आज तिला म्हणायचे होते. ती म्हणाली, "हे भूत माझं."

झग्यातून हुंदका आला.

"मी हलले नाही," आतला आवाज म्हणाला. "मी बोलले पण नाही. तरी आईने मला ओळखलंच नाही. ती दुसऱ्याच भुताला घेऊन गेली, मावशी."

५

ताईने झगा वर केला. भिंगरी. लाल नाक, घामाने कपाळाला चिकटलेले केस. ताईने तिचा गुडघा पाहिला, सकाळी तिनेच लावलेली पट्टी तिथे होती, एक कोपरा निघालेला. तिने भिंगरीच्या मानेला नाक लावून वास घेतला. तो वास तिने झोपेतही ओळखला असता.

काकूंनी मागून हाक मारली, "राहिलं का कुणी, ताई?"

"भिंगरी आहे. मी नेते तिला." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

बोळात येऊन तिने बहिणीला फोन लावला. मनात वाक्य तयार होतं: अगं, तू चुकीचं पोर नेलंस. भिंगरी इथे आहे. धाकटीने फोन उचलला.

"अगं, आज काय जादू केलीस तू हिच्यावर?" ती हसत होती. "घरी येईपर्यंत गळ्यातून हात काढले नाहीत. एवढी शांत! मी म्हटलं झगा काढ, तर नुसती मान हलवते. बरं, काढते थोड्या वेळाने. ताई? आहेस ना?"

"आहे."

"काय झालं? आवाज का असा?"

आता सांगायचं. सांगितलं की धाकटी पहिली गोष्ट काय करेल? झगा ओढून काढेल. आणि झगा निघाला की... ताईच्या डोळ्यांसमोर आलं. रिकामी मलमल जमिनीवर पडलेली, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकणारं ते, ज्याने हो म्हटलं होतं, ते कुठेच नाही. तिची बुद्धी ओरडून सांगत होती, बाई, बहिणीच्या घरात काय आहे ते तुला माहीत नाही. तुझ्या सख्ख्या बहिणीच्या! पण माहीत कसं नव्हतं? तिने त्याच्या पाठीची हाडं चाचपली होती.

आणि खाली, तिच्या बोटाला लोंबकळत, भिंगरी होती. गरम, जिवंत, रुसलेली. जिला उद्या सकाळी कुणी ट्रकमागून घेऊन जाणार होतं. कुणाला घेऊन जाणार होतं?

हा विचार ताईच्या मनात आला आणि तिला स्वतःची भीती वाटली. पण तो विचार गेला नाही.

"काही नाही," ती फोनमध्ये म्हणाली. "दमले जरा."

फोन बंद झाला. भिंगरी तिच्याकडे बघत होती. "आई येतेय न्यायला?"

"आपणच जाऊ," ताई म्हणाली. "झगा घाल परत. भूत होऊन जाऊ रस्त्याने, मज्जा येईल."

६

अंधार पडायला लागला होता. दुकानांचे दिवे लागत होते. लोक भुताकडे बघून हसत होते, एका भाजीवालीने भिऊन दाखवलं, आणि कुणालाही विचारावंसं वाटलं नाही की आत कोण आहे. ताईच्या घरी जायचा रस्ता धाकटीच्या घरावरून होता. दुसरा रस्ताही होता, जरा लांबचा. तिने तो घेतला नाही. का नाही, हे तिलाही नीट कळलं नाही. तिला बघायचं होतं.

धाकटी वर गॅलरीत होती. दोरीवरचे कपडे एका हाताने काढत होती, दुसऱ्या हाताने कडेवरचं पांढरं ओझं सावरत. तिने खाली पाहिलं.

"ताई! कोणाचं राहिलं ग आज?" रोजचाच प्रश्न. कुणाची आई उशीर करायची, आणि ताई पोराला घरी सोडत जायची.

"राहिलंय एकीचं," ताई म्हणाली. "सोडते."

"आई!" झग्यातून भिंगरीने हाक मारली. मोठ्याने, रडवेल्या आवाजात.

गॅलरीतल्या बाईने ती हाक ऐकली. कुठली आई ऐकणार नाही? तिने लगेच मान वळवली आणि आपल्या कडेवरच्या कापडाचा मुका घेतला. "काय ग राणी? काय झालं?"

ताईच्या हातातला हात थिजला. भिंगरीने पुन्हा हाक मारली नाही. तिच्या हाकेला ओ मिळाली होती, पण दुसऱ्याच कुणाला.

तेवढ्यात वारा आला. दोरीवरचे कपडे उडाले, आणि धाकटीच्या कडेवरची मलमल मागे ओढली जाऊन आतल्या चेहऱ्याला घट्ट बसली. गॅलरीतला दिवा बरोबर त्याच्यावर होता. क्षणभरच. रुंद कपाळ. ताईच्या आईचं होतं तसं, ताईचं आहे तसं. खाली छोटी हनुवटी आणि हनुवटीच्या मधोमध खळी. नवऱ्याच्या हनुवटीवर होती ती, दाढी करताना तो जिच्यापाशी रोज अडखळायचा.

वारा पडला. कापड पुन्हा सैल झालं. त्या भुताने ताईकडे बघायला मान वळवली आणि एक हात धाकटीच्या खांद्यावरून खाली लोंबू दिला, बोळातल्या अंधारात तिचं बोट शोधायचा तसा.

तिचं होतं ते. तिचं स्वतःचं. ती न्यायला थांबली होती, आणि ते थांबलं नव्हतं, पहिली जी बाई हात पसरून धावत आली तिच्याकडे गेलं होतं. पोरच ते. किती वाट बघणार? वर जावं, हिसकावून घ्यावं, हा भिंगरीचा हात बहिणीच्या हातात द्यावा. एक जिना फक्त. पण मग धाकटीला दोन पोरं दिसतील, आणि दोन पोरं दिसली की ती झगा उचलेल.

"चल ग, आता हिला आंघोळ घालते," धाकटी वरून म्हणाली. "घामाने नुसती भिजलीये. नको म्हणाली तरी काढतेच आता हे सोंग."

"नको!" ताई ओरडली. रस्त्यातली दोन माणसं वळून बघायला लागली. तिने आवाज खाली आणला, तो तिचा राहिला नाही. "नको काढूस ग. हौस आहे पोरीची. झोपू दे तशीच तुझ्या कुशीत. आजची रात्र राहू दे तिच्या अंगावर."

"तू पण ना, ताई! पोरांपेक्षा तूच लाडावलेली," धाकटी हसली. "बरं बाई, राहू दे." आणि ती कपडे घेऊन आत गेली. जाताना तिने गॅलरीतला दिवा मालवला.

ताई थोडा वेळ खाली उभी राहिली. मग ती निघाली. पहिल्या वळणापर्यंत भिंगरी मागे ओढत होती, घराकडे, सगळा जीव लावून. वळणानंतर तिने ओढणं सोडलं आणि नुसती चालत राहिली.